माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली काढा
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



आधी हात वर करा बघू. कुणाकुणाच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली किंवा कपाटाच्या डोक्यावर बंद पडलेला कॉम्प्युटर नाहीतर लॅपटॉप पडून आहे? बरेच हात दिसतायत. आता दुसरा प्रश्न. घरात चालू असलेला, आणि तुम्हाला हवा तेव्हा, कुणाची परवानगी न घेता वापरता येईल असा कॉम्प्युटर किती जणांकडे आहे? आता हात एकदम कमी झाले. मुलींच्या बाजूला तर फारच कमी. आज मी जे बोलणार आहे ते या दोन मोजण्यांमधल्या फरकाबद्दल.

२०१७-१८ साली सरकारने केलेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत असं दिसलं, की ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम ४ घरांत आणि शहरी भागात २३ घरांत कॉम्प्युटर होता. मग लॉकडाऊन आला आणि शाळा फोनवर गेली. त्या दिवसांत कुणाच्या हातात फोन होता आणि कोण वाट बघत बसलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. घरात एकच चांगला फोन, तो भाईजानच्या खिशात. भाईजान कामावर गेले की फोन गेला. अब्बा रात्री आले की मिळणार तो अर्धा तास, त्यात अम्मीला खालाजानशी बोलायचं असतं.

आणि फोन हातात आला तरी काय? स्कॉलरशिपचा फॉर्म फोनवर भरून बघा. उत्पन्नाचा दाखला अमुक केबीपेक्षा लहान करा, फोटो तमुक मापात कापा, मधेच ओटीपी आला की पान गायब. शेवटी माणूस सायबर कॅफेत जातो, पैसे देतो, आणि आपला आधार क्रमांक, बँकेचा पासवर्ड सगळं एका अनोळखी मशीनवर टाकून घरी येतो. फोन बघण्यासाठी उत्तम आहे. चार पानांचा निबंध लिहायचा, हिशेबाचा तक्ता करायचा, प्रोग्रामिंग शिकायचं, तर कीबोर्ड लागतो आणि दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडतील एवढा पडदा लागतो.

नवा लॅपटॉप घ्यायचा तर तीस-चाळीस हजार. ज्या घरात हातमागाच्या, रिक्षाच्या किंवा शिवणाच्या कमाईवर तीन मुलं शिकतायत, तिथे हा आकडा उच्चारलाही जात नाही. म्हणून मी म्हणते, माळ्यावरचं ते धूड खाली काढा. त्यात बहुतेक वेळा जीव असतो.

तो बंद का पडला, हे आधी बघू. खरं सांगायचं तर बहुतेक कॉम्प्युटर बंद पडलेलेच नसतात, नकोसे झालेले असतात. 'फार हँग होतो', 'चालू व्हायला दहा मिनिटं लागतात', 'डब्बा झालाय' ही तक्रार. दुकानदार म्हणतो, जुना झाला, नवा घ्या. गेल्या वर्षी त्यात आणखी एक कारण आलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. म्हणजे त्या तारखेनंतर सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या नेहमीच्या मार्गाने येणं बंद. एक वर्ष वाढवून मिळतं, पण त्याची वेगळी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ वर जावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारण आठवी पिढी, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा.

तुमचा प्रोसेसर कुठल्या पिढीचा, हे त्याच्या नंबरावरून कळतं. आय-फाइव्ह ८२५० असेल तर पहिला आकडा आठ, आठवी पिढी. आय-थ्री ४००५ असेल तर चौथी पिढी, २०१३-१४ च्या आसपासची. आता हा चौथ्या पिढीचा आय-थ्री काही वाईट नाही. लिहिणं, वाचणं, व्हिडिओ लेक्चर बघणं, पायथन शिकणं, सगळं तो आरामात करतो. एका कंपनीच्या धोरणामुळे तो उद्या भंगारात जाणार, एवढाच त्याचा दोष.

तर खर्चाच्या आधी फुकटचं काम. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बाजारात गेलात की पहिल्यांदा पाकीट उघडायला सांगतात.

मशीन खाली काढली की वायर भिंतीतून काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरी काढा, आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. मग गच्चीवर किंवा अंगणात नेऊन उघडा. घरात उघडलंत तर दहा वर्षांची धूळ अम्मीच्या भांड्यांवर बसेल आणि तुमचा प्रकल्प तिथेच संपेल. रंगाचा मऊ ब्रश घ्या. ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, तो हवेने जोरात फिरला तर उलटा करंट बोर्डात जाऊ शकतो. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची चक्क गादी झालेली असते. मशीन तापून आपोआप बंद होण्याचं अर्धं कारण तीच. उरलेलं अर्धं म्हणजे वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट. ती पुसायची आणि नवी लावायची, मटारच्या दाण्याएवढी. पावावर लोणी थापल्यासारखी नाही.

चालू केल्यावर नुसतंच बीप-बीप वाजतं आणि पडद्यावर काही येत नाही, तेव्हा लोक म्हणतात मदरबोर्ड गेला. दहातल्या कित्येक वेळा गेलेलं काही नसतं. रॅमची पट्टी काढा, तिच्या सोनेरी दातांवर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका आणि दोन्ही बाजूंचा खटका वाजेपर्यंत परत बसवा. याचेच काही दुकानं तीनशे-चारशे रुपये घेतात. त्यांच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही, पण खोडरबर तुमच्याकडेही आहे.

दुसरी गंमत ऐका. कॉम्प्युटर चालू होतो, इंटरनेटही लागतं, पण कुठलीही वेबसाइट उघडली की 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' असं सांगते. लोक घाबरतात, व्हायरस म्हणतात. कोपऱ्यातलं घड्याळ बघा. त्यात २०१२ किंवा असंच काही साल दिसेल. मदरबोर्डवर नाण्यासारखी एक छोटी बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. ती संपली की मशीन तारीख विसरते. तारीख चुकली की वेबसाइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं. ही बॅटरी घड्याळवाल्याकडे किरकोळ पैशांत मिळते. काही लॅपटॉपमध्ये ती वायरीसह येते, तेवढं बघून घ्या.

आता हात लावायचा नाही अशा गोष्टी. डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे ज्यात मागून वायर लागते तो लोखंडी डबा, उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातले कपॅसिटर काही काळ धक्का देऊ शकतात. जुना काचेच्या नळीचा मॉनिटर तर कधीच उघडू नका, त्यातलं व्होल्टेज हजारांत असतं. आणि लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलला गेलेला दिसला, तर ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. काढून वेगळी ठेवायची. बहुतेक लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या अडॅप्टरवर चालतात. लाइट गेली की तेही जातील, पण चालतील.

आता खर्चाची गोष्ट. माझ्या मते जुन्या मशीनवर एकच खर्च डोळे झाकून करावा, आणि तो म्हणजे एसएसडी. कारण समजून घ्या. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक तबकडी फिरत असते, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे, आणि ग्रामोफोनसारखा एक काटा तिच्यावरून मागेपुढे पळत असतो. विंडोज चालू होताना हजारो छोट्या फायली लागतात. प्रत्येकीसाठी काटा पळणार. सेकंदाला शंभरेक फेऱ्या झाल्या की त्याची ताकद संपली. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळ्या चिप. ती सेकंदाला हजारो छोट्या फायली शोधून देते. तुमचा प्रोसेसर संथ नव्हता हो, तो बिचारा काट्याची वाट बघत बसला होता. चालू व्हायला पाच-सात मिनिटं घेणारा लॅपटॉप एसएसडी घातल्यावर अर्ध्या मिनिटात उभा राहतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही. पण ज्याची मशीन असते त्याचा चेहरा अजून दर वेळी बघते.

अडीच इंची सॅटा एसएसडी घ्यायची, २४० किंवा २५६ जीबी पुरे. ती जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसते, त्याच वायरीला. मशीन जुनी असेल, सॅटाचा जुना प्रकार असेल, तरी चालते. वेग थोडा कमी मिळेल एवढंच. काढलेली हार्ड डिस्क फेकू नका. बाहेरची केसिंग मिळते, तिच्यात घातली की झाली तुमची बॅकअपची डिस्क. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती काढून तिथे कॅडी बसवून त्यात जुनी हार्ड डिस्क घालता येते. कॅडी घेताना जाडी मोजा. साडेनऊ मिलिमीटर आणि पावणेतेरा मिलिमीटर अशा दोन मापांच्या मिळतात, आणि दुकानदार परत घेत नाही.

रॅम हा दुसरा खर्च. चार जीबी असेल तर आठ करा, दोन असेल तर निदान चार. पण डीडीआर-टू, डीडीआर-थ्री, डीडीआर-फोर यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकाची पट्टी दुसऱ्यात जात नाही. जोर लावलात तर तुटेल. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर-थ्री-एल लागते, कमी व्होल्टेजची. साधी डीडीआर-थ्री घातली तर चालू होणार नाही, आणि तुम्हाला वाटेल रॅम खराब दिली. जुनी पट्टी सोबत नेऊन तशीच मागा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव बरेच चढलेत, त्यामुळे डीडीआर-थ्रीची वापरलेली पट्टी घेण्यात काही कमीपणा नाही. रॅम सहसा झिजत नाही. वापरलेली एसएसडी मात्र घेऊ नका, ती झिजते. आणि रस्त्यावर 'एक टीबी' छापलेली फारच स्वस्त डिस्क दिसली तर समजून जा. आत ३२ जीबीची चिप असते आणि खोटा आकडा सांगायला शिकवलेली असते. 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' नावाचं फुकट सॉफ्टवेअर ही चोरी पकडतं.

कुठे थांबायचं हेही सांगते, कारण जुनं जपण्याचा मोह वाईट असतो. पेंटियम फोर आणि काचेचा मॉनिटर ही जोडी परत उभी करू नका. दोन्ही मिळून दीडशे-दोनशे वॅट खातात. रोज पाच तास चालवलं तर महिन्याला वीस-बावीस युनिटच्या पुढे जाल. तेवढंच काम तीस वॅटचा लॅपटॉप साडेचार युनिटमध्ये करतो. शिवाय त्यातले बरेच प्रोसेसर ३२-बिटचे, आणि ३२-बिटला आता वाली उरत नाहीये. डेबियन ही लिनक्सची फार जुनी, खंबीर शाखा, तिनेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद केला. माझी रेषा अशी: कोअर टू ड्युओ, म्हणजे २००६-०७ नंतरचा, चार जीबी रॅम घेऊ शकणारा असेल तर प्रयत्न करावा. त्याच्या मागचा सन्मानाने निरोप द्यावा. कसा, ते पुढे सांगते.

आता त्यात चालवायचं काय? आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: दुकानात जा, तीनशे रुपयांत विंडोज 'मारून' आण. ती चोरीची प्रत असते हे तर आहेच, पण मला त्याहून मोठी काळजी दुसरी आहे. त्या प्रतीचं कुलूप तोडणाऱ्या माणसाने आत आणखी काय ठेवलंय, हे तुम्हाला माहीत नाही. दुकानदारालाही माहीत नाही. त्याच मशीनवर तुम्ही बँक उघडणार.

त्यापेक्षा लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनुस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे, म्हणजे तुम्ही सगळे लिनक्स वापरताच. केरळमधल्या सरकारी शाळांचं आयटी शिक्षण पंधराहून जास्त वर्षं लिनक्सवर चालतंय. दहावीची मुलं त्यावर परीक्षा देतात. म्हणजे हे काही फक्त इंजिनिअरांचं खूळ नव्हे.

सुरुवातीला लिनक्स मिंट घ्या, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. दोन जीबी रॅमवर चालते, चारवर नीट चालते. तीन जीबीच्या आसपास डाउनलोड आहे. मित्राच्या चालू कॉम्प्युटरवर उतरवा, रुफस नावाच्या प्रोग्रामने आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. आणि इथे लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. तुमच्या मशीनमध्ये काहीही न बदलता ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. चालू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप दाबायचं, कंपनीप्रमाणे बदलतं, आणि पेन ड्राइव्ह निवडायचा. वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, पडदा ठीक आहे का, सगळं तपासा. म्हणून मी म्हटलं, एसएसडीचे पैसे नंतर. आधी पेन ड्राइव्हवर बघा की मशीनमध्ये जीव आहे. वाय-फाय ओळखलं गेलं नाही तर घाबरू नका. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरीने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, फोनचं इंटरनेट सरळ मशीनला मिळतं. मग वाय-फायचा ड्रायव्हर उतरवून घ्या.

मराठी टायपिंग त्यात आहे. सेटिंगमध्ये कीबोर्ड जोडायचा, इन्स्क्रिप्ट निवडायचा. इन्स्क्रिप्ट दोन आठवडे त्रास देतो आणि मग आयुष्यभर साथ देतो. त्यात मराठी 'क' जिथे आहे तिथेच हिंदीचा, गुजरातीचा, बंगालीचाही आहे. उर्दूचा कीबोर्डही तिथेच मिळतो, आणि नोटो नस्तालीक हा फाँट घातला की उर्दू तिच्या नेहमीच्या वळणदार रूपात दिसते. घरात अम्मी उर्दू वाचते आणि तुम्ही मराठी लिहिता, अशी घरं आपल्यात कमी नाहीत. एकाच मशीनवर दोघांची सोय होते, एक पैसा न देता.

पण लिनक्स सगळ्याला चालतं असं मी सांगणार नाही. अब्बांच्या दुकानाचा जीएसटीचा हिशेब टॅलीवर असेल, तर ती मशीन विंडोजवरच राहू द्या. घरात इनपेजवर उर्दू डीटीपीचं काम चालत असेल, लग्नपत्रिका, पोस्टर, तर त्या फायली लिबरऑफिसमध्ये थेट उघडत नाहीत. जुन्या मराठी डीटीपी फाँटमधल्या फायलींचं तेच. आणि एमएस-सीआयटी करताय तर तो अभ्यास विंडोज आणि एमएस ऑफिसवर आहे, सराव तिथेच करावा लागेल. पोट ज्या सॉफ्टवेअरवर चालतं ते अचानक बदलायचं नसतं. एसएसडीवर दोन्ही शेजारी ठेवता येतात, चालू करताना निवडायचं.

दोन-चार जीबी रॅमवर खरा खादाड असतो तो ब्राउझर. पंचवीस टॅब उघडून 'हँग होतो' म्हणू नका. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन घाला. जाहिराती थांबल्या की जुनी मशीन तरुण वाटते, आणि डेटाही वाचतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर इथे आले, ती. डिस्कमधला मजकूर.

तुम्ही फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामं केलं, तरी फाइल जात नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडलं, धडा आतच आहे, असा तो प्रकार. साधं फॉरमॅट मारलं तरी बहुतेक वेळा हेच होतं. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने आठवीतला मुलगा त्या फायली परत काढू शकतो. आणि आपण लॅपटॉप भंगारवाल्याला किलोवर देतो. त्यात बाजीच्या लग्नाचे फोटो असतात, घरातल्या बायकांचे, सगळ्यांची आधार कार्डं, अब्बांच्या बँकेची पासबुकं. पुढे त्या डिस्कचं काय होतं हे विचारायलाही कुणी उरत नाही. फोटोवरून मुलीला छळल्याची एखादी गोष्ट कानावर आली की घरातले पहिली बंदी तिच्या फोनवर घालतात. डिस्क न पुसता विकणाऱ्या भावाला कुणी काही विचारत नाही.

म्हणून मशीन घराबाहेर जाण्याआधी डिस्क काढून घ्या. द्यायचीच असेल तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहा. त्यासाठी एनवाइप नावाचा प्रोग्राम आहे. ५०० जीबीला दोन-तीन तास लागतात, रात्री लावून झोपा. एसएसडीसाठी पद्धत वेगळी आहे. तिच्यात 'सिक्युअर इरेज' नावाची आज्ञा असते, ती द्यायची. डिस्क बिघडलेली असेल, ओळखलीच जात नसेल, तर उघडून तबकड्या फोडा.

आणि याची दुसरी बाजू. उद्या तुम्ही कुणाची जुनी मशीन दुरुस्त कराल. शेजारच्या चाचींची, वर्गातल्या मुलीची. तिच्या फोल्डरमध्ये डोकवायचं नाही. ती अमानत आहे. तिला विचारा काय ठेवायचं, तिच्यासमोर कॉपी करा, तिच्यासमोर पुसा. दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप द्यायला मुली का घाबरतात, हे मुलांनी एकदा शांतपणे ऐकून घ्यावं. आणि मुलींना माझं म्हणणं आहे, पेचकस हातात घ्या. फिलिप्सचा एक छोटा पेचकस, चहाच्या डब्याची झाकणं वेगवेगळे स्क्रू ठेवायला, आणि उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो. एवढ्याने तुमची मशीन दुसऱ्याच्या हातात देण्याची गरज निम्मी संपते.

जे खरंच संपलंय ते कुठे द्यायचं? संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेला जातो कुठे? दिल्लीच्या सीलमपूरमध्ये जा. वायरी जाळून तांबं काढतात, बोर्ड ॲसिडमध्ये बुडवून सोनं काढतात, उघड्या हातांनी, मुलंसुद्धा. जुन्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये शिसं आहे, काचेच्या मॉनिटरमध्ये किलोंनी शिसं आहे. ते धुरातून, धुळीतून त्या मुलांच्या रक्तात जातं. आपल्याकडे कुर्ला, साकीनाका, मालेगाव, भिवंडीच्या भंगार गल्ल्यांत काम करणारे चेहरे तुमच्या ओळखीचे आहेत. कुणाचे मामू, कुणाचे चाचा. भंगाराच्या धंद्याला नाक मुरडणारे बरेच असतात. मी मुरडत नाही, कारण आपल्या देशात वस्तूला दुसरं आयुष्य देण्याचं ज्ञान त्या लोकांकडे जेवढं आहे तेवढं कुठल्या कॉलेजात नाही. चालू रॅम आणि मेलेली रॅम ते नजरेने वेगळी करतात. पण जाळणं आणि ॲसिड हे थांबायला हवं, आणि ते ग्राहकाने नाक मुरडून थांबत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे उत्पादक कंपन्यांवर तो कचरा नोंदणीकृत प्रक्रियाकारांकडून प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत केंद्रांची यादी मिळते. मेलेला बोर्ड, फुगलेली बॅटरी, काचेचा मॉनिटर तिथे द्या. एकट्याने लांब जायचा कंटाळा येतो, म्हणून मोहल्ल्याने मिळून एक खोकं ठेवा आणि भरलं की न्या.

जुनी मशीन विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, कंपन्यांनी चार-पाच वर्षं वापरून काढलेले लॅपटॉप मिळतात. ऑफिसच्या वापराचे मजबूत असतात, उघडायला सोपे, सुटे भाग मिळतात. घेताना चालू करून बायोसमध्ये जा. तिथे पासवर्ड मागितला तर ठेवून द्या आणि निघा. बिल मागा. बिल नसलेला फार स्वस्त लॅपटॉप कुणाच्या तरी बसमधून गेलेला असू शकतो, आणि पोलिसांनी नंबर शोधत दार वाजवलं तर 'मी विकत घेतला' हे सांगायला तुमच्याकडे कागद हवा.

शेवटी घरातली जागा. मशीन उभी राहिली की ती कुणाची, हा वाद होणार. माझा सल्ला, ती कुणाच्या खोलीत ठेवू नका. असलीच वेगळी खोली तर. बाहेर, सगळ्यांच्या वाटेत ठेवा, आणि प्रत्येकाचं वेगळं खातं करा, वेगळ्या पासवर्डचं. लिनक्समध्ये दोन मिनिटांचं काम आहे. भिंतीवर वेळापत्रक लावा. धाकट्या बहिणीची वेळ लिहिलेली असेल, तर ती उठ म्हणताना फक्त कागदाकडे बोट दाखवेल, भांडायला लागणार नाही. पडदा फुटलेला लॅपटॉप असेल तर मागे एचडीएमआय किंवा व्हीजीए आहे का बघा, घरातल्या टीव्हीला जोडा. कीबोर्ड गेला असेल तर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा. दिसायला जुगाड दिसेल, पण त्यावर लिहिलेला अर्ज बाकीच्यांच्या अर्जासारखाच दिसतो.

रविवारी सकाळी दहापासून आपण याच हॉलमध्ये मशीन उघडणार आहोत. येताना अडॅप्टर आणायला विसरू नका, निम्मे लोक विसरतात. आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणा. ज्यांच्या लॅपटॉपची बॅटरी फुगलीय, त्यांनी ती घरीच काढून वेगळ्या पिशवीत आणावी, आणि ती काढता येत नसेल तर लॅपटॉप चार्ज न करता तसाच घेऊन या. खोडरबर माझ्याकडे आहेत.